लाल दिवा लागला की वायर उपटणे

"आरं, तुझ्या डब्याचा पंखा सुटलाय. लाल दिवा बी लागलाय. म्या काय करू?"

आबांचा हा फोन आला तेव्हा मी पुण्यात पाचव्या मजल्यावर लॅपटॉपसमोर बसलो होतो. कानाला हेडफोन होता आणि पलीकडे इटलीतला एक हौशी रेडिओवाला होता. निदान मिनिटभरापूर्वीपर्यंत तरी होता. आता पडद्यावरचे सगळे आकडे थिजले होते. 'प्रक्षेपण थांबवा' हे बटण मी चाळीस वेळा दाबलं होतं. सव्वाशे किलोमीटरवर, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात, माझा रेडिओ माझ्याशिवाय बोलत सुटला होता. त्याच्या शेजारी जगातला एकच माणूस उभा होता, आणि तो मला विचारत होता, म्या काय करू?

पण हे मधूनच झालं. आधी वाड्यात रेडिओ का गेला ते सांगतो.

मला हॅमचा नाद आहे. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या वायरलेस सेटवरून जगभरच्या अनोळखी माणसांना "तुमचा आवाज इकडे उत्तम येतोय" असं सांगणारा माणूस. नीट ऐकू येत नसलं तरी आम्ही एकमेकांना 'फाइव्ह नाइन', म्हणजे पैकीच्या पैकी, देऊन टाकतो. लग्नात जेवण कसं होतं असं विचारल्यावर आपण जे उत्तर देतो, तसंच हे.

पुण्यात हा नाद आता करता येत नाही. पूर्वी रात्री ४० मीटर बँड लावला की भुईमुगाच्या शेंगा फोडल्यासारखा बारीक कडकडाट यायचा आणि त्यातून माणसं उगवायची. आता आमच्या इमारतीतली लिफ्ट, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, राउटर, चार्जर, इंडक्शनची शेगडी अशी सगळी मंडळी आपापल्या परीनं त्याच बँडवर प्रक्षेपण करत असतात; परवाना मात्र फक्त माझ्याकडे आहे. सिग्नलच्या काट्यावर नुसती खरखरच नवव्या घरात उभी असते. गावाला तोच काटा दोनावर. या काट्याच्या दर पायरीला शक्ती चौपट होते, म्हणजे सात पायऱ्यांचा फरक सोळा हजार पटींच्या वर गेला. पुण्यात राहण्याचे फायदे सांगणाऱ्यांनी हा आकडा कधी हिशेबात धरलेला नाही.

त्यात गच्चीचा प्रश्न. सोसायटीची तारेला हरकत नव्हती. कपडे वाळत घालायला तिथे आठ तारा आहेत. जिच्यावर काहीच वाळत घालायचं नाही अशा तारेला हरकत होती. "मग ती कशाला?" हा सभेतला प्रश्न इतका सरळ होता की मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी रेडिओ उचलून गावी नेला. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, तिथे वाड्याचा पत्ता चढवून घेतला. परसातली चिंच आणि बांधावरचा आंबा यांच्यामध्ये वीस मीटरचा डायपोल ताणला. डायपोल म्हणजे मध्ये तोडलेली तार, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, आणि मधून खाली आलेली केबल. शेजारी एक दहा मीटरची धाकटी तार २० मीटर बँडसाठी. आबा, म्हणजे माझे चुलते, खाटेवर बसून हे बघत होते.

"एवढी चांगली तार, आन् मधीच तोडली व्हय?" ते म्हणाले. मी त्यांना तरंगलांबी समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग जोडणार कवा?"

स्टेशन झकास लागलं. अडचण एवढीच, की रेडिओ गावाला आणि मी पुण्यात. वर्षाला चार वेळा जाणार, त्यात दोन वेळा कुणाचं तरी लग्न. तेव्हा ठरवलं की कंप्युटर लावून इथूनच चालवायचं. असं म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक तेज असतं. ते पुढे फार टिकत नाही.

कल्पना काही नवी नव्हती. १९२७ साली मुंबई-लंडन बिनतारी संदेशसेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपक खडकीला होता, ग्राहक दौंडला आणि तारा देणारी-घेणारी माणसं मुंबईत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी साहेबानं जे तारेवर निभावून नेलं, ते मला फायबरवर जमायला काय हरकत होती? शिवाय व्हॉयेजर-१ चं उदाहरण ताजं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते यान असंबद्ध बरळायला लागलं. शेचाळीस वर्षांचा जुना कंप्युटर, त्यातली एक चिप गेलेली, पृथ्वीपासून चोवीस अब्ज किलोमीटर अंतर, निरोप पोचायलाच साडेबावीस तास. तरी नासाच्या लोकांनी इथून त्याची स्मृती हलवून एप्रिलात त्याला शुद्धीवर आणलं. माझं अंतर सव्वाशे किलोमीटर. मधे फक्त खंबाटकी घाट.

आता कळतं की नासाला सोपं गेलं, कारण व्हॉयेजरवर फायबरवाला नाही.

गावात इंटरनेट आहे आणि चांगलं आहे. पण ते एका दिशेचं आहे. कंपनी अख्ख्या पंचक्रोशीला एकच जाहीर पत्ता देते. आतल्या घरांना वेगळे पत्ते नाहीत. वाड्यात चौदा बिऱ्हाडं आणि बाहेर एकच पाटी, तसं. आतून कुणीही बाहेर पत्र टाकू शकतो, बाहेरून पोस्टमन आला की तो पाटीपाशीच थबकतो. मी पुण्याहून वाड्याला हाका मारून घसा कोरडा केला, वाड्याला ऐकूच जात नव्हतं. उपाय असा निघाला की आपण हाक मारायचीच नाही. मुंबईतला एक सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, आणि गावातल्या खेळायच्या पत्त्यांच्या डब्याएवढ्या कंप्युटरनं, म्हणजे रास्पबेरी पायनं, दर पंचवीस सेकंदांनी त्याला सांगत राहायचं : मी आहे, मी आहे, मी आहे. रात्रंदिवस. मीही इथून त्याच सर्व्हरला भेटायचं. म्हणजे कोरेगावला बोलायचं तर व्हाया मुंबई. माझा आवाज वाड्यात पोचायला पाव सेकंद लागू लागला, आणि वाड्यातून इटलीला पोचायला सेकंदाचे जेमतेम दोन शतांश. एसटीनं प्रवास केलेल्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल. हमरस्त्यापर्यंत पोचण्यातच दिवस जातो.

मग प्रश्न उरला विजेचा. कंप्युटर अडकला, राउटर रुसला, तर तो बंद करून पुन्हा चालू कोण करणार? मी स्मार्ट प्लग वगैरेंचा अभ्यास करत होतो. स्मार्ट प्लगला इंटरनेट लागतं. इंटरनेट बंद पडलं म्हणून जे चालू करायचं, त्यालाच इंटरनेट लागतं. या वर्तुळात मी दोन आठवडे फिरत होतो. आबांना ते सांगितलं तर त्यांनी बंडीतून मोबाईल काढला, एक नंबर लावला, दोनदा वाजू दिला आणि कट केला. लांब विहिरीवर मोटार घुर्रकन सुरू झाली.

"धा-बारा वर्सं झाली आसतील," आबा म्हणाले. "रातीच्याला दोनला लाईट येती. त्येला काय कोन उठून जातंय?"

अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी अंथरुणात पडल्या पडल्या मिस्ड कॉलवर उसाला पाणी देतोय आणि मी परदेशी पुस्तिका वाचतोय! त्याच दुपारी कोरेगावच्या मोटारीच्या दुकानातून एक सिम घालायचा डबा आणला आणि गावातल्या वायरमनकडून माझ्या राउटरला जोडून घेतला. दुकानदारानं विचारलं, "किती एचपी?" मी म्हटलं, बारा वॉट. त्यानं पावती लिहिताना परत एकदा माझ्याकडे पाहिलं.

ही व्यवस्था आजपर्यंत एकदाही चुकलेली नाही. मी चुकलो. फोनमध्ये 'गाव डबा' आणि 'गाव मोटार' असे दोन नंबर एकाखाली एक होते. आबांनी अडीनडीला म्हणून मोटारीच्या यादीत माझाही नंबर घालून ठेवलेला. एका रात्री अकरा वाजता राउटर अडकला. मी रिंग दिली, काही होईना. परत दिली. परत दिली. राउटर तसाच. विहिरीवरची मोटार मात्र चालू, बंद, चालू. शेवटचं 'चालू' करून मी कंटाळून झोपलो. त्या वावरात आलं होतं. आल्याला जास्तीचं पाणी म्हणजे कंद कुजायला आमंत्रण. आबांनी सकाळी फोन करून एवढंच विचारलं, "रातच्याला इटलीत पाऊस झाला का रं?"

नंबरांची नावं मी तेव्हाच बदलली.

आता तो लाल दिव्याचा दिवस. महिनाभर मी तीस वॉटवर सावधपणे बोलत होतो आणि सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मधूनमधून कुणीतरी म्हणायचं, तुमच्या मागे काहीतरी आवाज येतोय. मला वाटायचं, आमच्या चौकातली वाहतूक. त्या संध्याकाळी दक्षिण इटलीतला हा गृहस्थ मिळाला, बँड छान उघडला होता, आणि मला अवदसा आठवली. मी शक्तीचा आकडा सरकवून शंभर वॉट केला आणि बोलण्याचं बटण दाबलं.

शंभर वॉट तारेतून जगात जायला हवे होते. बरेचसे गेलेही. काही थोडे मात्र परतीच्या वाटेनं केबलवरून खोलीत आले आणि रेडिओ ते कंप्युटर या यूएसबी वायरमध्ये शिरले. कंप्युटरला भोवळ आली. त्यानं रेडिओला ओळख दाखवणं सोडलं. आता गंमत बघा. 'बोल' हा हुकूम रेडिओला आधीच पोचला होता. 'थांब' हा हुकूम नेणारी वायर त्या बोलण्यानंच मारली होती. तो बोलत होता म्हणून मला त्याला गप्प करता येत नव्हतं. सभासंमेलनांत मी असे वक्ते पाहिले आहेत. पण त्यांना मी स्वतः सोल्डर केलेलं नव्हतं. आणि मिस्ड कॉलचा डबा फक्त राउटरला होता. रेडिओ दुसऱ्या प्लगवर.

तेव्हा आबांचा फोन.

"आबा, रेडिओच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बटण आहे, ते दाबून धरा."

"थांब, फोन मोठ्या आवाजावर करतो. हां. हितं लई बटनं हायती."

"डाव्या. वरच्या."

"माज्या डाव्या का त्येच्या डाव्या?"

मागून काकू काहीतरी विचारत होत्या. आबा त्यांना सांगत होते की पोराचा डबा बिघडलाय, म्हशीला पेंड घातली का बघ, दिवस भरत आल्यात तिचं. खिडकीपलीकडेच गोठा. तेवढ्यात म्हैस ओरडली, लांबलचक. मी पुण्याहून बटणांचा भूगोल सांगत होतो. हे अकरा मिनिटं चाललं. शेवटी आबा म्हणाले, "जाऊ दे तिकडं," आणि खट् असा आवाज आला. त्यांनी वायर उपटली होती.

अर्ध्या तासानं, पुन्हा वायर लावून, तीस वॉटवर, मी खजील होऊन बँडवर आलो. इटलीवाला तिथेच होता. आसपास आणखी चारपाच जण जमले होते.

झालं होतं ते असं. मी कंप्युटरमधून येणारा माझा आवाज रेडिओच्या मागच्या बाजूला जोडला होता. पण मेनूमध्ये 'फक्त यूएसबी' निवडायच्याऐवजी 'माईक आणि यूएसबी' असं निवडलं होतं. रेडिओचा हातातला माईक वाड्यातल्या टेबलावर तसाच पडलेला. म्हणजे मी पुण्याहून बोललो की खोलीतलं सगळंही बरोबर जायचं. महिनाभर 'मागे आवाज येतोय' म्हणत होते तो चौकातल्या वाहतुकीचा नव्हता, काकूंच्या भांड्यांचा होता. आणि त्या अकरा मिनिटांत शंभर वॉटवर, २० मीटरवर, आबा, काकू, मोबाईलच्या स्पीकरवरचा मी, आणि म्हैस.

इटलीवाल्यानं सगळ्यांचा अहवाल दिला. तुझा आवाज बरा आहे, जरा डब्यातून आल्यासारखा वाटतो. तो जो दुसरा ऑपरेटर होता, वयस्कर, त्याचा फार स्वच्छ. काय बोलत होता कळलं नाही, पण फाइव्ह नाइन प्लस. आणि मग थोडं थांबून त्यानं विचारलं, ती म्हैस होती ना?

कुणी गाय म्हटलं असतं, कुणी भोंगा म्हटलं असतं. पण हा नेपल्सच्या बाजूचा. तिकडे म्हशी पाळतात; खरं मोझरेला चीज तिथल्या म्हशीच्याच दुधाचं. त्याच्या काकांकडे गोठा होता. गाभण आहे का, असंही त्यानं विचारलं. ओरडण्यावरून.

मी लॉगबुकात 'तांत्रिक बिघाड, ११ मिनिटे' अशी नोंद केली. नियमानं ती चूकच, आणि तिची लाज मला अजून वाटते.

पुढच्याच शनिवारी गावी गेलो. यूएसबीच्या वायरला, माऊसच्या वायरला, राउटरच्या वायरला फेराइटचे काळे मणी बसवले. वायरीतून घुसणाऱ्या त्या उनाड लहरी हे मणी अडवतात. आबा बघत होते.

"बाळाला बांदत्यात तसं केलंस की. दृष्टमनी."

मी म्हटलं, तसंच समजा.

"मंग आधी बांदायचं. लागल्यावर काय उपेग?"

या विषयावरची जाडजाड इंग्रजी पुस्तकं हेच सांगतात, फक्त शेवटच्या प्रकरणात. शिवाय रेडिओच्या मेनूत बोलण्याची वेळमर्यादा तीन मिनिटं लावली. ती सोय पहिल्यापासून होती, मी बघितली नव्हती. माईक काढून पिशवीत घातला. आणि आबांसाठी एक सूचनापत्रक तयार केलं : चौदा मुद्दे, टंकलिखित, प्लॅस्टिकमध्ये घालून. कुठला दिवा कशाचा, कोणत्या क्रमानं काय बंद करायचं, वळीव येताना अँटेनाची केबल कशी सोडवायची.

महिन्यानं गेलो तर ते पत्रक आल्याच्या पोत्यावर झाकण म्हणून होतं. भिंतीवर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर आबांच्या अक्षरात दोन ओळी होत्या :

लाल दिवा लागला की वायर उपटणे.
जरंड्यावर ढग आला की दुसरी वायर उपटणे.

मी पुष्कळ विचार केला. माझ्या चौदा मुद्द्यांतला एकही यात राहून गेलेला नाही. गेल्या वळवात जरंडेश्वरच्या डोंगरावर विजा नाचत असताना आबांनी केबल काढून खिडकीबाहेर फेकली होती. खाली पंपाच्या डब्यातलं सर्किट जळलं, माझा रेडिओ राहिला. मी त्या वेळी पुण्यात हवामानाचं ॲप बघत होतो. त्यात ऊन दाखवत होतं.

माईक काढून नेला हे मात्र आबांना आवडलं नाही. बोलून दाखवलं नाही, पण फोनवर अधूनमधून विचारायचे, "तो म्हशीवाला काय म्हनतो?" म्हशीवाला दर आठवड्याला भेटत होता आणि दर वेळी प्रसूतीची चौकशी करत होता.

एप्रिलात पहाटे आबांचा फोन आला. म्हैस व्याली, रेडी झाली. "त्या इटलीवाल्याला कळीव," म्हणाले, आणि मी क्षणभर घुटमळलो. हौशी रेडिओच्या जुन्या आंतरराष्ट्रीय नियमात एक मजेदार कलम होतं : खाजगी बोलणं चालेल, पण ते इतकं बिनमहत्त्वाचं असावं की त्यासाठी तार करणं योग्य ठरणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या हॅम लोक त्या कलमाला जागून फक्त हवा आणि अँटेना यांवर बोलत आले. म्हैस विणं ही गोष्ट बिनमहत्त्वाची आहे, असं आबांना सांगायची माझी हिंमत नव्हती. पण मग आठवलं, आपल्याकडची तारसेवा २०१३ सालीच बंद झाली. तार करायची म्हटली तरी करणार कुठे?

त्या संध्याकाळी मी वीस मीटरवर सांगितलं. इटलीवाला खूश झाला. बरोबरच्या दोघांनाही त्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं. मग विचारलं, दूध किती देते?

मी आबांना फोन लावला.

"चीक सरला की दोन्ही टायमाचं मिळून नऊ लिटर देती," आबा म्हणाले. "पर त्येला सात सांग. लांबचा मानूस हाय, दृष्ट लागती."

मी सात सांगितलं.